डेस्कटॉप सोलरवर चालवायचा तर

घरावर सोलर बसवायचं ठरलं की लोडची यादी होते. फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप, मिक्सर. कॉम्प्युटरपाशी आलं की वायरमन म्हणतो, "तो काय, टीव्हीएवढाच," आणि पुढच्या खोलीत जातो. लोड टीव्हीएवढा असेलही, पण टीव्ही संध्याकाळी दोन-तीन तास चालतो. घरून काम करणाऱ्याचा किंवा अभ्यास करणाऱ्या मुलांचा डेस्कटॉप सकाळी सुरू झाला की रात्री जेवणं होईपर्यंत बंद होत नाही. ऐंशी वॅट खाणारा साधा डेस्कटॉप बारा तास चालला, की जवळजवळ एक युनिट जातं. त्याहून कमी विजेत मध्यम आकाराचा नवा फ्रिज चोवीस तास चालतो.

म्हणून लगेच पॅनल वाढवायला धावू नका. आधी कॉम्प्युटरचा खर्च कमी करा, मग त्याची वेळ बदला, मग पॅनलपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेतली गळती थांबवा. पॅनल आणि बॅटरीची खरेदी शेवटी. दुकानदार नेमका उलट क्रम सांगतो, आणि तो का सांगतो हेही उघड आहे.

आधी तुमचं सोलर कुठल्या जातीचं

सगळा सल्ला या एका गोष्टीवर अवलंबून आहे. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेतून ज्यांनी अनुदान घेतलं (३ किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये), त्यांचं सोलर ग्रिडला जोडलेलं आहे. यातल्या बहुतेक घरांत बॅटरी नसते. दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जाते, रात्री तिकडून येते आणि महिन्याच्या शेवटी नेट मीटरवर वजाबाकी होते. या घरांत दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट यांत बिलापुरता फारसा फरक राहत नाही. टीओडी मीटर बसलं असेल तर मात्र बिलातले वेळेनुसारचे रकाने एकदा चष्मा लावून वाचा.

या घरांतल्या लोकांची एक फसगत नेहमी होते. छपरावर ३ किलोवॅटची पॅनल्स, वर टळटळीत ऊन, आणि लाईट गेली की घरातला पंखासुद्धा बंद. संच बिघडलेला नसतो. ग्रिडची वीज गेली की असा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छपरावरून शॉक बसेल. तेव्हा अशा घरात डेस्कटॉपला वीज गेल्यावर पुरवठा हवा असेल तर यूपीएस किंवा छोटा बॅटरी-इन्व्हर्टर वेगळा घ्यावाच लागतो.

दुसरी जात ऑफ-ग्रिड: शेतघर, डोंगरावरची वाडी, किंवा जिथे वीज आहे पण तिचा भरवसा नाही अशी ठिकाणं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावांना आठवडे न् आठवडे वीज नव्हती. तिथल्या माणसाला बॅटरी ही चैन वाटत नाही. तिसरी जात हायब्रिड, म्हणजे ग्रिडही आणि बॅटरीही. पुढचा बराचसा मजकूर बॅटरी असलेल्या या दोन जातींसाठी आहे. पण खर्च कमी करण्याचा भाग सगळ्यांनाच लागू पडतो.

मोजल्याशिवाय बोलू नका

कॅबिनेट उघडून एसएमपीएसवर (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) '४५० वॅट' वाचायचं आणि तेवढा लोड धरायचा, ही पद्धत चूक आहे. ४५० हा त्याचा कमाल आकडा. कार्यालयीन कामाचा साधा डेस्कटॉप नुसता चालू असताना ३० ते ६० वॅट घेतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंगचा संच खेळ चालू झाला की ३०० च्या वर सहज जातो.

ऊर्जा मोजणारा स्मार्ट प्लग विकत मिळतो, तो भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा आणि त्यातून कॉम्प्युटरचं एक्स्टेन्शन घ्या. इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर विसंबू नका. कमी लोडला तो आकडा बऱ्याचदा अंदाजपंचे असतो. ज्यांच्याकडे बॅटरी नाही त्यांना बिनपैशाचा उपायही आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे शेजारीच छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. अंधार पडल्यावर, सोलर झोपल्यावर, घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा आणि दहा मिनिटं दिवा मोजा. ३४ वेळा लुकलुकला तर ३४ भागिले ३२००, म्हणजे ०.०१०६ युनिट. त्याला ६ ने गुणलं की तासाला ०.०६४ युनिट, म्हणजेच ६४ वॅट. फ्रिज मध्येच सुरू झाला तर पुन्हा पहिल्यापासून.

मोजणी एकदाच करून भागत नाही. कॉम्प्युटर बंद पण बटण चालू, स्लीपमध्ये, नुसता उघडा, व्हिडिओ चालू, आणि तुमचं सगळ्यात जड काम चालू, अशा पाचही वेळी मोजा. बहुतेकांना धक्का पहिल्याच आकड्याला बसतो. बंद कॉम्प्युटर, स्टँडबायवरचा मॉनिटर, जुने ट्रान्सफॉर्मरवाले स्पीकर, प्रिंटर, सगळं मिळून ८-१० वॅट जात राहतात. दिवसाला पाव युनिटाच्या आसपास, आणि काम शून्य. स्विचवालं एक चांगलं एक्स्टेन्शन घेऊन रात्री त्याचं बटण बंद केलं की हा विषय संपतो.

कॅबिनेटच्या आतली काटकसर

डेस्कटॉपची निम्मीअधिक वीज तो काहीच करत नसताना जाते. तुम्ही पत्र टाइप करता, मधे विचार करता, फोन घेता. तेवढा वेळ प्रोसेसर रिकामाच असतो, पण मदरबोर्ड, पंखे, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस यांचं खाणं चालूच राहतं. म्हणून सोलरवाल्या माणसाने कॉम्प्युटर निवडताना तो जोरात असताना किती घेतो यापेक्षा रिकामा असताना किती घेतो हे विचारावं.

ग्राफिक्स कार्ड ही पहिली जागा. खेळत नसाल, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम नसेल, तर ते काढून ठेवा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा (तुमच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंगभूत आहे ना, एवढं आधी बघा, सगळ्यांत नसतं). काहीही न करता १० ते ३० वॅट वाचतात. जुनी फिरती हार्ड डिस्क ५ ते ८ वॅट घेते. एसएसडी रिकामी असताना एक वॅटसुद्धा क्वचित घेते आणि कॉम्प्युटर चपळ होतो तो वेगळाच. जुन्या फोटोंची हार्ड डिस्क कॅबिनेटमध्ये कायम फिरत ठेवण्याऐवजी बाहेरच्या केसमध्ये घालून लागेल तेव्हा जोडा.

एसएमपीएसबद्दल गैरसमज फार. '८० प्लस गोल्ड' लिहिलेला ६५० वॅटचा महाग एसएमपीएस घेतला की वीज वाचली, असं वाटतं. ही मानांकनं २० टक्के, ५० टक्के आणि पूर्ण लोडला मोजलेली असतात. फक्त टायटॅनियम या वरच्या पायरीला १० टक्क्यांवरही कसोटी आहे. तुमचा कॉम्प्युटर ४० वॅटवर चालत असेल तर ६५० च्या एसएमपीएसवर तो ६ टक्के लोड झाला, आणि तिथे त्या सोनेरी लेबलला काही अर्थ नाही. मोठा एसएमपीएस कमी लोडवर कार्यक्षमता गमावतो. बदलायचाच असेल तर गरजेपुरता लहान आणि बऱ्या कंपनीचा घ्या. फक्त वीज वाचवण्यासाठी चालू एसएमपीएस बदलू नका, पैसे वसूल व्हायला वर्षं जातात.

बायोसमध्ये दोन गोष्टी बघा. 'सी-स्टेट्स' चालू आहेत का, म्हणजे प्रोसेसरला रिकाम्या वेळात झोपायची परवानगी आहे का. आणि 'ईआरपी' नावाचा पर्याय असेल तर तो चालू करा, बंद कॉम्प्युटरचा चोरटा खर्च अर्ध्या-एक वॅटवर येतो. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड' ठेवा. 'हाय परफॉर्मन्स'चा रोजच्या कामात काडीचा फायदा नाही. 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' हा पर्याय दिसत असेल तर बॅटरीवरच्या संध्याकाळी तो १०० ऐवजी ९९ करा. बऱ्याच इंटेल कॉम्प्युटरांत एवढ्यानेच टर्बो बूस्ट बंद होतो. रायझनवाल्यांनी बायोसमधला 'इको मोड' शोधावा.

मॉनिटरकडे कुणी बघत नाही. २४ इंची एलईडी मॉनिटर १५ ते २५ वॅट घेतो आणि त्यातला मोठा वाटा मागच्या उजेडाचा. दुकानातून आलेला मॉनिटर बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त उजेडावर असतो. तो ४० वर आणा, डोळेही निवतील. स्क्रीनसेव्हर नावाचा प्रकार मात्र कायमचा विसरा. त्याने वीज वाचत नाही, उलट प्रोसेसरला फुकटचं काम लागतं. त्याऐवजी पाच मिनिटांत मॉनिटर बंद आणि पंधरा मिनिटांत स्लीप, अशी वेळ लावा.

व्हिडिओचंही एक गुपित आहे. यूट्यूब हल्ली व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींनी चित्र पाठवतं. ते उलगडण्याची सोय प्रोसेसरच्या ग्राफिक्स भागात असेल तर काम दोन-चार वॅटांत होतं. नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि पंखा घुमू लागतो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एव्ही१ची सोय अकराव्या पिढीपासून आली. जुन्या कॉम्प्युटरवर तासन् तास व्याख्यानं बघायची असतील तर व्हिडिओ ७२० किंवा ४८० वर ठेवलेला बरा.

खरी बचत मात्र खोकं बदलण्यात आहे

वरचं सगळं करून जुना डेस्कटॉप ६० वरून ४० वर येईल. इंटेल एन१०० सारख्या प्रोसेसरचा हाताच्या पंजाएवढा मिनी पीसी नुसता उघडा असताना १० वॅटच्या आसपास घेतो आणि जोरात चालवला तरी २५ च्या आसपास थांबतो. ब्राउझर, ऑफिस, टॅली, झूम, मुलांचा अभ्यास, एवढं तो निवांत करतो. अ‍ॅपलच्या एम-चिपवाल्या मॅक मिनीचा रिकामा खर्चही याच घरातला, किंबहुना कमीच. फक्त किंमत वेगळ्या घरातली.

माझी पसंती विचाराल तर जुन्या बाजारातले ऑफिसचे छोटे डेस्कटॉप. लेनोव्होचे 'टायनी', डेलचे 'मायक्रो', एचपीचे 'मिनी'. कंपन्या तीन-चार वर्षांनी हे घाऊक काढून टाकतात आणि ते रिफर्बिश्ड म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे मिळतात. डेस्कटॉपच्याच प्रोसेसरचा कमी वॅटचा भाऊ, बाहेर ६५ किंवा ९० वॅटचा अ‍ॅडॉप्टर, रिकामा खर्च १० ते १५ वॅट. घेताना आठव्या पिढीच्या खालचा इंटेल घेऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीला जवळजवळ दारातच अडवतं. लिनक्स वापरणाऱ्यांना अर्थात ही अट नाही.

आता फरक बॅटरीच्या भाषेत. जुना डेस्कटॉप ६०, पूर्ण उजेडाचा मॉनिटर २५, स्पीकर वगैरे ५, एकूण ९० वॅट. आठ तासांचे ७२० वॅट-तास. इन्व्हर्टर ८५ टक्के कार्यक्षम धरला तर बॅटरीतून ८५० च्या आसपास उचलावे लागतात. १२ व्होल्ट, १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १८०० असतात, पण तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. अख्खी बॅटरी एकट्या कॉम्प्युटरने संपवली. मिनी पीसी १२, मंद केलेला मॉनिटर १५, राहिलेलं ३, असे ३० वॅट धरले तर त्याच आठ तासांना बॅटरीतून २८० लागतात, आणि उरलेल्यात घरातले दिवे, पंखे चालतात.

मग लॅपटॉपच का नको? घ्या की. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला की तो डेस्कटॉपच, आणि पोटात स्वतःची बॅटरी असल्याने यूपीएसही नको. ज्यांच्याकडे धड अवस्थेतला जुना लॅपटॉप पडून आहे त्यांनी नवीन काहीच घेऊ नये.

वाटेतली गळती

पॅनलने दिलेल्या विजेतला किती हिस्सा कॉम्प्युटरपर्यंत पोचतो? चार्ज कंट्रोलरमध्ये ३ टक्के जातात. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत घालून काढताना २० टक्के. इन्व्हर्टरमध्ये १५, आणि कॉम्प्युटरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये पुन्हा १५. गुणाकार केला तर १०० तले ५६ हाती लागतात. बॅटरी वगळून ऊन असतानाच वापरले तर ७०. लिथियम फॉस्फेट बॅटरीत जाणं-येणं मिळून ५ ते ८ टक्केच जातात, म्हणून ती महाग असूनही रोज रात्री वापरणाऱ्याला परवडते.

याहून मोठी गळती कुणाच्या लक्षातच येत नाही. इन्व्हर्टर काहीही लोड नसताना स्वतः वीज खातो. लहान इन्व्हर्टर १०-२० वॅट, मोठे हायब्रिड ४०-५० किंवा त्याहूनही जास्त. ४० वॅट धरले तरी चोवीस तासांचं जवळजवळ एक युनिट झालं. महाराष्ट्रात १ किलोवॅटचं पॅनल सरासरी दिवसाला ४ युनिटं देतं. म्हणजे किलोवॅटभर पॅनलच्या कमाईचा चौथा हिस्सा इन्व्हर्टरच्या नुसत्या जागं राहण्यात गेला. तुमच्या इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात 'नो-लोड' असा आकडा असतो तो शोधा. विकत घेताना तर हाच आकडा आधी विचारा. पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर 'पुढेमागे लागेल' म्हणून घेणारे हा कर रोज भरतात.

काही इन्व्हर्टरना पॉवर सेव्ह किंवा सर्च मोड असतो. लोड नसेल तर तो झोपतो आणि मधूनमधून उठून चाचपतो. पंखा लावला की जागा होतो. पण दहा वॅटचा मिनी पीसी त्याला लोड वाटतच नाही, आणि स्क्रीन लागतेय-जातेय असा खेळ सुरू होतो. स्लीपमध्ये ठेवलेल्या कॉम्प्युटरची वीज तर तो सरळ कापतो आणि न साठवलेलं काम जातं. अशा घरात स्लीपऐवजी हायबरनेट वापरायचं. काम डिस्कवर लिहिलं जातं, मग वीज गेली काय, राहिली काय.

इन्व्हर्टरवरच्या कॉम्प्युटरला पुन्हा ६०० व्हीएचा यूपीएस लावणं ही आपल्याकडची जुनी सवय. तो यूपीएस स्वतः ५ ते १५ वॅट खातो आणि त्यातली ७ एएचची छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असेल आणि त्याच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असं बटण असेल, तर ते यूपीएसकडे करा. एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर त्याच्या आत पुरवठा बदलतो, नॉर्मलमध्ये जास्त वेळ घेतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. एक तोटा आहे: या मोडमध्ये इन्व्हर्टर ग्रिडच्या व्होल्टेजबाबत सोवळा होतो. डीपीवर लोड येऊन संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली घसरत असेल तर तो ग्रिड सोडून बॅटरीवरच बसून राहील. अशा गावांत मोड नॉर्मल ठेवून छोटा यूपीएसच बरा. आणि इन्व्हर्टर जुना चौकोनी वेव्हचा असेल तर त्यावर चांगला एसएमपीएस कुरकुरतो, तापतो, कधी सुरूच होत नाही.

इन्व्हर्टरच वगळून बॅटरीच्या डीसीवर मिनी पीसी चालवता येतो का? येतो, आणि ऑफ-ग्रिड घरात संध्याकाळच्या कामाला हा सगळ्यात काटकसरीचा मार्ग आहे, कारण मोठा इन्व्हर्टर बंद ठेवता येतो. पण हात घालण्याआधी चार गोष्टी माहीत हव्यात. बॅटरीला '१२ व्होल्ट' म्हणतात ते नावापुरतं. चार्ज होताना ती १४.४ च्या आसपास जाते आणि रिकामी होताना ११ कडे येते. १२ व्होल्टचा मिनी पीसी तिला थेट जोडला तर कधीतरी जळेल. मधे व्होल्टेज स्थिर ठेवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर घाला. १९ व्होल्टच्या कॉम्प्युटरला गाडीत लावायचा लॅपटॉप अ‍ॅडॉप्टर चालतो. डेल आणि एचपीच्या अ‍ॅडॉप्टरला मधे एक बारीक पिन असते, तिने कॉम्प्युटर अ‍ॅडॉप्टरची ओळख पटवतो. ती नसलेला कुठलाही अ‍ॅडॉप्टर लावला तर डेल रुसून प्रोसेसर मंद करतो, तेव्हा त्या त्या कंपनीला जुळणाराच घ्या.

वायर जाड हवी. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर नेली, तर जाऊन-येऊन पाऊण व्होल्ट वाटेतच गळतो, म्हणजे ६ टक्के. तेच ४८ व्होल्टच्या बॅटरीवर अर्धा टक्कासुद्धा गळत नाही. आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलशेजारी बसवा, कॉम्प्युटरच्या टेबलाशी नव्हे. शॉर्ट झालेल्या १५० एएचच्या बॅटरीने वायर लालबुंद व्हायला काही सेकंद पुरतात. हे वाचून हाताला घाम आला असेल तर डीसीचा नाद सोडा. राउटरपुरतं मात्र कुणालाही जमेल: १२ व्होल्टचा मिनी यूपीएस तयार मिळतो, तो लावला की लाईट गेल्यावर नेटसाठी इन्व्हर्टर चालू ठेवावा लागत नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार सोलरच्या घरात फार ऐकू येते. एसएमपीएसच्या आत आवाज गाळणारे कपॅसिटर असतात. त्यांतून थोडा प्रवाह अर्थिंगकडे जायला हवा, पण अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटवर साठतो. ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर बसवताना अर्थिंगची वायर विसरणारे पुष्कळ. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटची अर्थ-पिन खरोखर जमिनीपर्यंत पोचते का, ते तपासून घ्या. तीन पिनांची तिसरी पिन तोडून सॉकेटमध्ये बसवणाऱ्यांना काय सांगायचं!

उन्हाच्या वेळेला काम

बॅटरीच्या घरात सकाळचं ऊन रात्री रिकामी झालेली बॅटरी भरतं. ती अकरा-साडेअकराला भरत आली की चार्ज कंट्रोलर पॅनलकडून घेणंच कमी करतो. अकरा ते तीन या वेळेत तुमची पॅनल्स देऊ शकतात त्याच्या कितीतरी कमी देत असतात, कारण घेणारं कुणी नसतं. ही न घेतलेली वीज खऱ्या अर्थाने फुकट असते. विंडोजचे अपडेट, बॅकअप, व्हिडिओ रेंडर, शंभर पानांची छपाई, मुलांचा गेम, सगळं या वेळेत बसवा. गेमिंगच्या ३०० वॅटना दुपारी एक वाजता माझी काही हरकत नाही.

रात्रीच्या युनिटाची किंमत काढून बघा. हिशेबापुरतं धरा की बॅटरी १५,००० रुपयांची, दर खेपेला ०.९ युनिट देते आणि १,२०० खेपा टिकते. एकूण १,०८० युनिटं. म्हणजे युनिटामागे १४ रुपये केवळ बॅटरीच्या झिजेचे. आकडे तुमच्या बॅटरीचे घाला, पण उत्तर महावितरणच्या खालच्या स्लॅबपेक्षा स्वस्त येणं कठीण. हायब्रिड घरात म्हणूनच रात्री डेस्कटॉप ग्रिडवर आणि दिवसा सोलरवर, अशी प्राथमिकता इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये लावा. बॅटरी वीज जाईल तेव्हासाठी राखा.

उन्हानुसार कॉम्प्युटर चालवण्याचं टोकाचं उदाहरण बार्सिलोनाचं. 'लो-टेक मॅगझिन'ने २०१८ मध्ये आपली वेबसाइट बाल्कनीतल्या ५० वॅटच्या पॅनलवर चालणाऱ्या एका चिमुकल्या सर्व्हरवर नेली. ढगाळ दिवस लांबले की साइट बंद पडते, आणि तसं वाचकांना सांगूनच ठेवलेलं आहे. आपल्या साहेबाला हे पटणार नाही. पण रोजच्या कामांतली निम्मी कामं दुपारपर्यंत थांबू शकतात, हे एकदा यादी केली की कळतं.

पावसाळ्याची तजवीज

जून ते सप्टेंबर हा खरा पेपर. कोकणात, घाटमाथ्यावर सलग झड लागली की पॅनलची कमाई निम्म्याच्या खाली, कधी पाव हिश्श्यावर येते. आणि याच दिवसांत वीजही जास्त जाते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि तिची ताकद कायमची जाते. ग्रिड असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ती ग्रिडवरून पूर्ण भरा, पाण्याची पातळीही तेव्हाच बघा.

यूपीएस कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला असेल तर बॅटरी किती उरल्यावर हायबरनेट व्हायचं ते विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्येच लावता येतं. तशी सोय नसलेल्यांनी इन्व्हर्टरचा 'लो बॅटरी कट-ऑफ' कारखान्यातून आलेल्या आकड्यापेक्षा थोडा वर ठेवावा आणि त्याचा बीप वाजू लागला की फाइल सेव्ह करून उठावं. गडगडाट सुरू झाला तर प्लग काढाच, पण टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं जुनं नेट असेल तर मोडेमची तारही काढा. वीज त्या वाटेनेही घरात शिरते. फायबरला तेवढी भीती नाही.

एवढं करूनही पावसात कॉम्प्युटर उपाशी राहत असेल तर पॅनल वाढवा, बॅटरी वाढवू नका. ढगाळ दिवशी रिकाम्या बॅटरीशेजारी दुसरी रिकामी बॅटरी ठेवून उपयोग नाही. पॅनल दुप्पट केलं तर ढगांतूनही दुप्पट मिळतं. वाढवताना चार्ज कंट्रोलरवर छापलेला कमाल व्होल्टेज बघा. सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनल्सच्या 'व्हीओसी'ची (लोड नसतानाच्या व्होल्टेजची) बेरीज त्याच्या बरीच खाली हवी, कारण तो आकडा २५ अंश तापमानाचा असतो आणि डिसेंबरातल्या गार सकाळी व्होल्टेज त्याच्याही वर चढतो. बेरीज काठावर येत असेल तर पॅनल्स सिरीजऐवजी पॅरलल जोडायला सांगा.